पिवळ्याला जांभळा काठ

"मडमांच्या शाळंत शिकलीय म्हणं. पण मुकी हाय का काय?"

गल्लीच्या तोंडाशी दोन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली. मी हातातला कागदांचा पुठ्ठा छातीशी धरला आणि खाली बघत राहिले. गोल पातळ, पायांत चपला आणि बरोबर सगळे पुरुष. असं ध्यान त्या विणकरांच्या पेठेत पूर्वी आलेलं नसावं.

पुढच्या दारात वकीलकाका पोचले होते. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, पगडी काढून छत्रीच्या मुठीवर अडकवली, धोतराचा सोगा आवरला आणि घरमालकाला म्हणाले,

"जरा बसून बघू या."

हे वाक्य त्या वर्षी अर्ध्या सोलापूरने ऐकलं. तुमचं घर गावाच्या पूर्वेकडे असेल, तर तुमच्याही ओट्यावर नाहीतर माजघराच्या उंबऱ्याशी ते बसून गेले असतील, आणि तुम्ही त्यांना उठवायला हात दिला असेल. कारण बसणं हे त्यांच्यासाठी सोपं काम नव्हतं. अंगाने भरलेले, आणि गुडघे दोन्ही गेलेले. एक हात भिंतीवर, दुसरा जवळच्या माणसाच्या खांद्यावर, तोंडाने "हं... आलो... आलो..." असं स्वतःलाच समजावणं, आणि शेवटी धप्प. उठवायला दोघे लागत. तरीही एकाही जागेचा निर्णय त्यांनी उभ्याने घेतला नाही.

काम काय होतं ते सांगायला हवं. गाव वाढत होतं. मिलच्या भोंग्यांच्या आसपास माणसं येऊन राहत होती आणि जागा मिळेल तिथे भिंती चढत होत्या. तेव्हा पूर्वेकडच्या लहान लहान जागांची एक स्कीम निघाली. कुठल्या जागेत काय चालेल आणि काय चालणार नाही, ते पुढच्या पिढीपर्यंतचं ठरवून नकाशात रंगवून टाकायचं. राहण्याच्या जागा पिवळ्या, कारखान्यांच्या जांभळ्या. पिवळ्यात धंद्याचं कुठलंही यंत्र नाही, आणि जांभळ्यात कुणी राहायचं नाही. पुण्याहून एक साहेब आले होते. वयाने तरुण, हॅट घालणारे, स्वभावाने सरळ. गावातर्फे एक कमिटी होती आणि वकीलकाका तिचे अध्यक्ष होते.

अध्यक्षांना नकाशा वाचता येत नसे. ते तो हमखास उलटा धरत.

"वकीलसाहेब, उत्तर दिशा वर," साहेब हळूच सांगत.

"असेल. पण यात ऊन कुठनं येतंय ते कुठे दाखवलंय?" असं म्हणून ते नकाशा माझ्या हाती देत आणि टेकायला भिंत शोधू लागत.

एका घरी ते बसले आणि थोड्या वेळात त्यांच्या डोळ्यांना धार लागली. घरातली चूल तर विझलेली. मग कळलं, मागच्या घरात मिरच्यांची फोडणी पडली होती आणि मधल्या भिंतीच्या फटीतून ती सगळी इकडे येत होती. काकांनी उपरण्याने डोळे पुसत साहेबांना सांगितलं, "दोन जागांच्या मधे बोळ सोडा. माणसाला स्वतःच्याच फोडणीने ठसका लागावा." साहेब हसले, पण बोळ सुटला.

दुसऱ्या एका घरी ते बसल्या जागी झोपले. चांगले घोरले. साहेब घड्याळ बघत, घरातली माणसं अवघडून उभी, मी कागदांत तोंड खुपसलेली. जाग आली तेव्हा त्यांनी चारी भिंतींकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाले, "हे घर राहण्याजोगं आहे. लिही मडम, पिवळं."

'मडम' म्हणजे मी. आमचं घर त्यांच्या समोर. वडील रेल्वेत होते, त्यांनी हौसेने मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि मॅट्रिक झाल्यावर माझं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी टंकलेखन शिकले होते. कमिटीचे कागद इंग्रजीत लागत. एका संध्याकाळी वकीलकाका आमच्याकडे येऊन बसले.

"कमिटीला तुमची मुलगी हवी आहे," ते वडिलांना म्हणाले. "आम्हा पुरुषांना घर दिसतं ते ओट्यापर्यंत. आतलं घर बघायला कुणीतरी पाहिजे."

वडील म्हणाले, "अहो, पण ती कुणाशी बोलत नाही."

"उत्तम. कमिटीत बोलणारे पुष्कळ आहेत."

आमच्या घरात मी वाक्य सुरू केलं की ते दुसरं कुणीतरी पुरं करी. त्यात प्रेमच होतं, पण मला हळूहळू सुरू करण्याचाच कंटाळा येऊ लागला होता. वकीलकाकांचं तसं नव्हतं. टांग्यातून परतताना ते विचारत, "आत काय दिसलं?" आणि मग घोड्याच्या कानांकडे बघत राहत. किल्ल्याचा बुरूज मागे जाई, तळं मागे जाई, तरी विचारलेलं पुन्हा विचारत नसत. शेवटी मीच सांगत असे. "विहिरीचं पाणी खारट आहे." "न्हाणीघर नाही, बायका पहाटेच्या अंधारात अंघोळ उरकतात." ते मान डोलावत, आणि दुसऱ्या दिवशी कमिटीत माझंच वाक्य जसंच्या तसं त्यांच्या तोंडून बाहेर पडे. वर सांगत, "हे मडमेनं बघितलंय." तेव्हा माझे कान तापत.

काकूंना मात्र या बसण्याचा वैताग होता. "गावच्या घरांत बसून बघता," त्या पोळपाट आपटत म्हणत, "आपल्या घरात कधी बसता का? हे छप्पर गळतंय ते उभ्यानेसुद्धा दिसतं."

काका माझ्याकडे बघून म्हणत, "लिही मडम. हरकत नोंदवून घे."

तर त्या दिवशी आम्ही विणकरांच्या पेठेत गेलो होतो.

ही पेठ लांबूनच ऐकू येत असे. घराघरांत हातमाग, आणि त्यांचा आवाज मिलच्या आवाजासारखा एकसुरी नाही, एका घरचा पुढे, एका घरचा मागे. मी लहान असताना वडिलांबरोबर त्या बाजूने जायची तेव्हा मला तो आवाज पाऊल टाकल्यासारखा वाटायचा. त्या सकाळी तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. एक कोंबडा आरवला, तोसुद्धा घाबरल्यासारखा. ओट्यांवर सारवलेलं, दारांत रांगोळ्या, पुरुष धुतलेले सदरे घालून हात जोडून उभे. साहेब दोघा सभासदांना घेऊन पलीकडच्या ओळीत गेले. आम्ही अलीकडच्या.

घर नरसम्माचं होतं. उंच, हाडकुळी, तेलुगू घाईत आणि मराठी सावकाश बोलणारी बाई. मला 'मुकी' म्हणणारी तीच. नवरा, मुलगा, सून आणि झोळीतलं बाळ.

"हितं झोपतो आमी," तिने मला आत नेऊन दाखवलं. "हितं चूल. हितं देव. बाकी कायबी न्हाय बगा."

खोलीच्या मधोमध एक नवं कोरं घोंगडं अंथरलं होतं. ते इतकं नीट अंथरलं होतं की कुणी त्यावर बसलेलं नाही हे दिसत होतं. आढ्याजवळच्या माळ्यावर काहीतरी लांबलचक, धोतरात गुंडाळलेलं. सुनेच्या बोटांना सुताचे चरे होते. मी सगळं बघून घेतलं.

वकीलकाका भिंतीला धरून आत आले. "हं... आलो... आलो..." धप्प. आणि पाय लांब करायला म्हणून त्यांनी ते घोंगड्यावर सरकवले, तर घोंगडं खाली गेलं. कड्डकन आवाज झाला. बूड जमिनीवर राहिलं, पाय मात्र गुडघ्यापासून खाली दिसेनासे झाले.

घोंगड्याखाली फळ्या होत्या आणि फळ्यांखाली मागाचा खड्डा. विणकर ज्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबतो, तो.

मला वाटलं, आता पाय गेले. मी पुढे झाले. काकांचे डोळे मिटलेले होते. मग त्यांच्या तोंडून एक लांब, खोल "आऽहाहा" निघाला.

"मडम," ते डोळे न उघडता म्हणाले, "किती वर्षांनी असा बसलो गं. गुडघ्यांवर भार म्हणून नाही. ही काय बैठक आहे!" आणि मग त्यांची कचेरीतली मराठी गेली आणि मोहोळची आली, जिथे ते वाढले होते. "लई ग्वाड वाटतंय बगा आक्का. च्या हाय का थोडा?"

दुसरे सभासद विणकरांच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. नरसम्मा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडणार, पण ती हसायलाच लागली. पदर तोंडात धरून, भिंतीला टेकून हसली. मग नवरा हसला. मग झोळीतलं बाळ उठून रडायला लागलं.

चहा पिता पिता सगळं बाहेर आलं. पेठेत कुणीतरी सांगितलं होतं, ज्या घरात माग दिसेल ते घर कारखाना धरणार आणि माणसांना रेल्वेच्या लाइनीपलीकडे हुसकणार. म्हणून दोन दिवसांत सगळ्या पेठेने माग खोलले, माळ्यांवर चढवले, खड्डे झाकले.

"माग तिकडं गेला, चूल हिकडं राहिली, तर या पोराला मी कुटं टांगू?" नरसम्मा म्हणाली. झोळीची दोरी सुनेच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. पायाने झोका द्यायचा, हाताने सुताच्या कांड्या भरायच्या. "ह्यांचा हात माग सोडून दुसऱ्या कामाला जात न्हाय. मिलमदी घेत न्हाईत, छाती धरलीय. घरात हाय तोवर माग हाय, माग हाय तोवर घर हाय."

बाहेर आलो तेव्हा साहेब खुशीत होते. "वकीलसाहेब, मला वाटलं होतं इथे त्रास होईल. पण एकही माग नाही! सगळी पेठ शुद्ध रहिवासाची. सरळ पिवळी करू."

मागे उभ्या असलेल्या लोकांना 'पिवळी' एवढं कळलं. टांगा गल्लीबाहेर पडतो तोवर मागे साखर वाटायला सुरुवात झाली होती.

काका पुष्कळ वेळ घोड्याच्या कानांकडे बघत होते. मग म्हणाले, "मडम, पिवळ्यात माग चालतो?"

"नाही. नियम मीच टाइप केलाय."

"एखाद्याने पुढे कधी लावला तर?"

"काढून टाकतील. कायमचं तसंच लिहिलंय."

"आणि जांभळं केलं तर?"

"राहता येणार नाही."

"म्हणजे घर घ्या नाहीतर माग घ्या." त्यांनी छत्री एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "आणि त्यांनी साखर वाटली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं की त्या पेठेचा रंग इतक्यात भरू नका, उन्हाळ्यात पुन्हा एकदा जागेवर जाऊन ठरवू, माझं अजून बसून झालेलं नाही. साहेब हसून म्हणाले, "बसा."

पण बसून त्यांना काही सुचेना. मी संध्याकाळी कागद घेऊन गेले की ते मागच्या पडवीत नकाशा उलटा धरून बसलेले. एकदा असेच बसले असताना ते काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्याकडे इतका वेळ बघत राहिले की काकू म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कधी बघितलं नाहीत, आज काय एवढं?"

"काठ," काका म्हणाले.

"काठाला काय झालं? जुना आहे. नवं आणा म्हणजे नवा दिसेल."

"मडम, रंगाची पेटी आहे तुझ्याकडे?"

शाळेतली होती. मी आणली. नकाशाची एक प्रत पाटावर पसरली आणि त्यांनी स्वतःच कुंचला घेतला. नरसम्माची जागा आधी पिवळी केली. मग तिच्या कडेने जांभळी रेघ ओढायला लागले. अर्धा काठ शेजारच्या जागेत गेला.

"घर हे लुगडं," ते म्हणाले, "आणि माग हा त्याचा काठ. नुसता काठ कोण नेसतं? आणि बिनकाठाचं लुगडं या गावात तरी कोण विणतं? घरच्या माणसांनी हाताने चालवायचा माग असेल तर तो घरातच धरायचा. इंजिन लावलं, बाहेरचे कामगार आणले, तर मग जांभळं. लिही की."

मी ते इंग्रजीत उतरवलं आणि वाचून दाखवलं. ते ऐकून थोडे बिचकले. "फार शहाण्यासारखं वाटतंय. मी असं म्हणालो?"

उरलेल्या जागांचे काठ मी भरले. ते बरे आले. हे साहेबांना जागेवरच दाखवायचं, असं काका म्हणाले.

आता एकच अडचण होती, आणि ती सगळ्यांत मोठी होती. साहेबांनी काठ मान्य करायचा तर आधी माग दिसायला हवेत. आणि पेठेतला एकही माणूस माग खाली काढायला तयार नव्हता.

"आणि जांभळंच केलं तर?" नरसम्माने विचारलं. "तुमी शब्द देता का?"

काका खड्ड्यात पाय सोडून बसले होते. आता घोंगडं आणि फळ्या त्यांच्यासाठी आधीच बाजूला केलेल्या असत. ते खोटं बोलले असते तर तिने ऐकलं असतं. मला ते दिसत होतं.

"शब्द माझ्या हातात न्हाय आक्का," ते म्हणाले. "साहेबाच्या हातात हाय. मी बसतो, एवढंच."

आणि ते खरंच बसू लागले. रोज कोर्टातून परतताना टांगा पेठेकडे वळे. नरसम्माच्या तेलुगूतला एकच शब्द त्यांनी उचलला होता, 'कूर्चोंडी', बसा. घरात शिरताना पाहुणाच घरच्यांना म्हणे, "कूर्चोंडी, कूर्चोंडी," आणि स्वतः जाऊन खड्ड्याच्या काठावर बसे. तिथेच चहा, तिथेच पक्षकारांचे कागद, तिथेच कधी एक डुलकी. शेजारपाजारचे येऊन दारात उभे राहत. वकील खड्ड्यात बसलेला बघायला मुलंही येत.

"साहेब," एक दिवस नरसम्मा म्हणाली, "तुमी खड्ड्यात बसला तर मी माग कुटं लावू?"

"लाव, म्हंजे उठतो."

"न्हाय लावनार."

"मग मी बी न्हाय उठनार."

"मग बसा की! तुमच्या बायकोला बरं वाटल."

मी सुनेजवळ बसून कांड्या भरायला शिकत होते. सूत सारखं तुटत होतं. सून हसून ते पुन्हा जोडून देई. आता मला कुणी मुकी म्हणत नव्हतं, पण त्या घरात मी बोलले असेन ते चार-पाच शब्द, आणि तेही सुताबद्दलच.

उन्हाळा चढायला लागला तशी एक संध्याकाळ आली, आणि आम्ही दारात पोचलो तर नरसम्मा वाट अडवून उभी. "आज बसू नका," ती म्हणाली. "माग लावायचाय." तिच्यामागे नवरा आणि मुलगा माळ्यावरून ती धोतरात गुंडाळलेली लाकडं उतरवत होते. काकांनी पगडी काढली आणि ओट्यावरच, उन्हात, टेकले. त्या दिवशी उठवायला मी आणि नरसम्मा अशा दोघी होतो. जाताना छत्री तिथेच भिंतीला राहिली.

त्यानंतर पेठेत एकेका घरातून आवाज परत येऊ लागला. आधी एक, मग समोरचा, मग बोळाच्या टोकाचा. टांग्यात काका मान वाकडी करून ऐकत आणि बोट वर करत: "हा नवा. मडम, हा काल नव्हता."

वैशाखात ते शेताचं बघून येतो म्हणून मोहोळला गेले. तिथे एका सकाळी चहा झाल्यावर ओट्यावर बसले होते, आणि बसल्या बसल्याच गेले. त्रास काही झाला नाही म्हणे. काकूंनी मला सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. "एकदा बसले म्हणजे मी तरी कधी उठवू शकले?" एवढंच म्हणाल्या.

पाहणीचा दिवस आधीच ठरलेला होता, तो तसाच राहिला. वडील म्हणाले, "आता तुला जायची गरज नाही. कागद शिपायाबरोबर पाठवून दे." मी कागद पुठ्ठ्यात घातले, रंगवलेली प्रत सगळ्यांत वर ठेवली, आणि चपला घातल्या. वडिलांनी टांग्याचा दर स्वतः ठरवून दिला.

त्या पेठेचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. नसेल तर कधी त्या बाजूने चालत जा, कानांनाच कळेल. आणि कचेरीत टांगलेल्या नकाशात पूर्वेच्या बाजूला बघा, उत्तर वर धरून. मला सांगायचं आहे ते त्याच्या थोडं आधीचं.

साहेब नरसम्माच्या दारात आले तेव्हा ऊन अंगावर धावून येत होतं. गल्लीभर माग चालू होते. त्यांनी हॅट काढली, घाम पुसला आणि आत बघितलं. नरसम्माचा नवरा विणत होता, सुनेच्या अंगठ्याला दोरी बांधलेली.

"हे काय?" साहेब म्हणाले. "मागच्या खेपेस इथे एकही माग नव्हता."

"लपवले होते, दुसरं काय!" एक सभासद म्हणाले. ते बाहेर सावलीतच थांबले होते. "सरळ फसवणूक आहे. वकीलसाहेबांना गुंडाळलं यांनी."

साहेब रागावलेले नव्हते. दमले होते, एवढंच, आणि अजून तीन गल्ल्या राहिल्या होत्या. "मला वाईट वाटतं," ते माझ्याकडे नाही, कुणाकडेच न बघता म्हणाले, "पण नियम स्पष्ट आहे." त्यांनी नकाशाची घडी दाराच्या फळीवर टेकवली आणि खिशातून जांभळी पेन्सिल काढली.

माग थांबला. शेजारचाही थांबला. मग एकेक करत पेठ गप्प होत गेली, पहिल्या दिवशी होती तशी. नरसम्माने साहेबांकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

पुठ्ठा माझ्या हातात होता. तो पुढे केला असता तर साहेबांनी 'थँक यू' म्हणून घेतला असता आणि बाकीच्या कागदांखाली ठेवला असता. ते मला माहीत होतं, कारण ते कागद रोज मीच लावत असे. रात्रीपासून एक इंग्रजी वाक्य मी मनात घोकत होते. चांगलं होतं, 'विथ ड्यू रिस्पेक्ट' असं सुरू होणारं. कुणीतरी ते माझ्याऐवजी पुरं करील म्हणून मी सवयीने थांबले. कुणी केलं नाही. भिंतीशी काकांची छत्री टेकलेली होती, त्या संध्याकाळपासून नरसम्माने ती हलवली नव्हती.

नवरा मागावरून उठला. त्याच्या मनात काय होतं मला कळलं नाही. कदाचित त्याला वाटलं, आता संपलंच. पण त्याच्या उठण्याने खड्ड्याच्या काठावरची जागा मोकळी झाली. तिथली जमीन बसून बसून गुळगुळीत झालेली होती.

मी पुठ्ठा छत्रीशेजारी भिंतीला टेकवला. हात मोकळे झाले.

"साहेब," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, "उभ्याने नका ठरवू. इथे पाय खाली सोडून बसता येतं. जरा बसून बघा."